तीन नंबरचं मशीन

"आइए बाईसाहेब, मुहूर्त निकल रहा है," म्हणत अर्जुनरावांनी पूजेचं ताट केसरबाईच्या हातात कोंबलं. तुमची काहीतरी चूक होतेय, हे सांगायला तिला सवडच मिळाली नाही.

चूक झाली होती ती साडीमुळे. नवे मोठे साहेब कलकत्त्याहून पिंपरीला येऊन पंधरा दिवस झाले होते, पण त्यांच्या बायकोला कंपनीत कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या स्वागताची अंजिरी रेशमी साडी मात्र हेडक्लार्क अर्जुनरावांनी स्वतः लक्ष्मी रोडची दुकानं पालथी घालून आणली होती. बाईसाहेबांना तो रंग पसंत पडला नाही. बंगल्यावर भांडी घासायला येणाऱ्या केसरबाईला त्यांनी ती देऊन टाकली. आज फाटकाशी साडी दिसली मात्र, अर्जुनराव कमरेत वाकले. स्वतः निवडलेलं कापड माणूस हजारात ओळखतो. आत कोण आहे, हे मग कशाला बघायचं?

केसरबाई आली होती ती नवऱ्याचं मशीन बघायला. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा व्हायची. "बायकांना आत सोडत न्हाईत," असं जयसिंग सहा वर्षं सांगत आला होता. पण सगळ्यांची बायकापोरं जातात, हे तिला यंदा बंगल्यावर कळलं. मग ती त्याला न सांगताच चिखलीहून चालत निघाली. रोज जेवताना जयसिंग तीन नंबरच्या मशीनच्या गोष्टी सांगायचा. आज ते कसं रुसलं, मग आपण त्याला कसं ताळ्यावर आणलं. त्या मशीनच्या जिवावर केसरबाईची मान आळीत ताठ होती.

दसऱ्यानंतर जयसिंग पर्मनंट व्हायचा होता. ती यादी अर्जुनरावांच्याच हातात होती. म्हणून केसरबाईनं तोंड मिटून घेतलं. बोलावं तर बोलीवरून बिंग फुटायचं, आणि बोभाटा झाला तर नवऱ्याच्या पोटावर पाय यायचा. अर्जुनरावांना वाटलं, परमुलखातली बाई, हिला मराठी कुठली यायला! ते हिंदी झाडत पुढे चालले.

एक नंबर झालं. दोन नंबर झालं. केसरबाई कुंकू लावत होती, फूल वाहत होती.

"और ये तीन नंबर," अर्जुनराव म्हणाले. मशीनशेजारी एक दांडगा, अनोळखी माणूस हात जोडून उभा होता. "ये ज्ञानदेव. नऊ साल से यही चलाते हैं."

केसरबाईनं चहूकडे नजर फिरवली. जयसिंग पार मागच्या दाराशी उभा होता. हातात झाडू, पायाशी लोखंडाचा कीस भरायची पाटी. तिला बघून त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. सहा वर्षं! सहा वर्षं या माणसानं आपल्याला गोष्टी सांगितल्या, आणि आपण त्या साऱ्या आळीला सांगितल्या. मग तिची नजर त्या झाडूवर गेली. त्याची मूठ नव्या सुतळीनं बांधली होती. पाटी घासूनपुसून लख्ख केली होती. खात्यातल्या एकूण एक मशीनला झेंडूची माळ होती, या दोन वस्तूंना एक फूल नव्हतं. तरी जयसिंग त्यांच्याजवळ उभा होता, कुणीतरी येईल अशा आशेनं. केसरबाईला गलबलून आलं.

ती ताट घेऊन तीन नंबरच्या पुढे निघून गेली.

"बाईसाहेब, उधर कुछ नहीं है!"

ती वाकली. पाटीला हळदकुंकू लावलं, झाडूला लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "ज्येच्या हातात जे हत्यार, त्याची पूजा. खंडेनवमी हाय न्हवं आज?"

अर्जुनराव जागच्या जागी थिजले. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. गाडीतून मोठे साहेब उतरले, मागोमाग पांढऱ्या सुती साडीतली एक बाई उतरली. अर्जुनरावांनी तिकडे बघितलं, इकडे बघितलं.

"मग तू कोण गं?"

जयसिंगनं मान खाली घातली होती. केसरबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"कुणाची न्हाई, साहेब. वाट चुकून आले," ती म्हणाली, ताट खाली ठेवलं आणि दाराकडे वळली.

"थांब!"

जयसिंग पुढे आला होता. कुंकू लावलेला झाडू हातातच होता.

"माझी बायको हाय ती, साहेब," तो म्हणाला. मग म्हणाला, "अन् मी हितं झाडू मारतो."

"ते काय सांगतोस? अख्ख्या कंपनीला ठाऊक आहे!" अर्जुनराव खेकसले.

पण जयसिंग ते त्यांना सांगतच नव्हता.