कारणाचा रकाना

"साहेब, या वयात कॉलेज? बाईसाहेब रागवत नाहीत का?" चहाचा कप पुढे करत ती हसली.

"नाही रागवत," मी म्हणालो.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने मोटारसायकलवरून जाता जाता माझ्या बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं. कुमुद डोक्यावर पडली, ती उठलीच नाही. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, पण का केलं, हे कोणी विचारलं नाही. ते कळावं म्हणून निवृत्त झाल्यावर मी विद्यापीठात समाजशास्त्र घेतलं, त्यात गुन्हेगारीशास्त्राचा पेपर निवडला. कैद्यांच्या कुटुंबांची पाहणी निघाली, तेव्हा हे घर मी मागून घेतलं. मी कोण, ते तिला सांगितलं नव्हतं.

गुन्ह्याच्या कारणाचे पर्याय प्रश्नावलीत छापलेलेच होते. गरिबी, व्यसन, बेकारी, वाईट संगत, इतर. मी एकेक वाचत गेलो.

"दारू नाही हो. शोरूमला चांगला कामाला होता. लग्नसुद्धा ठरलं होतं."

"मग का, ताई?" माझा आवाज चढला.

"भेटीला गेले की मीही तेच विचारते. मान खाली घालतो. म्हणतो, आई, मलाच कळत नाही." तिने पदराने डोळे पुसले. "तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत. तुम्हीच सांगा ना, का केलं असेल?"

मी 'इतर'वर खूण केली, पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. "घरात नळ आहे का?"