ओढ्याकडे पाहणारी कोकरं

चार वाजले तशी कोकरं चरायची थांबली आणि ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. याच वेळी यामिनीचे वडील, जनावरांचे डॉक्टर दाभाडे, बाभळीच्या शेंगा घेऊन तिकडून येत असत. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. कोकरं चार महिन्यांची होती.

मेंढ्यांचा मेंदू पोखरणारा रोग थांबवायला डॉक्टरांनी एक प्रथिन बनवलं होतं. रोग थांबला, पण प्रथिन दुधातून पिलांत उतरलं आणि त्याच्यासोबत आईच्या आठवणीही. आता कळलं होतं की दुसऱ्या पिढीत तेच प्रथिन मेंदू पोखरू लागतं. यामिनीने आणलेल्या औषधाने ते विरघळणार होतं, त्या आठवणींसकट.

मेंढपाळ म्हाकूमामा एकेक कोकरू धरत आणि यामिनीने सुई टोचली की पाठीवर गेरूचं बोट ओढून सोडत. सुटलेलं कोकरू जरा गोंधळे आणि खाली मान घालून चरू लागे.

शेवटचं एक राहिलं. यामिनीचा हात थांबला.

"हे एवढं राहू दे का, मामा?"

"ठिव की, डॉक्टरीणबाई. दिवाळीपतुर तडफडून मरंल. तुज्या बापानं ठिवलं असतं व्हय?"

"नाही."

ती कोकराशेजारी बसली आणि ते पाहत होतं तिकडे पाहू लागली. ओढ्यावर पिवळं ऊन तरंगत होतं. कोकराने कान टवकारले, त्याची शेपटी हलू लागली. त्याच्या आठवणीत कुणीतरी जवळ येत असावं. तो येणारा माणूस पुरता पोचेपर्यंत ती थांबली आणि मग तिने सुई टोचली.