तिळाएवढा स्क्रू

सकाळी दुरुस्तीचं दुकान उघडलं की रेवती खोत आधी चिमट्याने तिळाएवढा स्क्रू उचलून पाहायची. आज हात कसा आहे, ते तिला त्यावरून कळायचं. आज स्क्रू तीनदा सुटला. तिसऱ्यांदा तो काउंटरपलीकडे जाऊन पडला, आणि तिने तो तिथेच राहू दिला.

तेवढ्यात एक तरुण गेमिंग लॅपटॉप घेऊन आला. तिने उजवा हात काउंटरखाली घेतला.

"यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसेल का, मॅडम? बाजारात सगळे नाही म्हणाले. झालं तर खोतबाईंकडेच होईल म्हणाले."

"यात कार्ड सुटं नसतं. चिप बोर्डालाच सोल्डर केलेली असते. ती काढून मोठी बसवली, तरी पंख्याला तेवढी उष्णता झेपत नाही. बोर्डच जातो. त्यात काही अर्थ नाही."

सगळं खरं होतं. पण असं काम आलं की एरवी तिचे हात शिवशिवायचे. "ठेवून जा" म्हणायची, आणि पुष्कळदा जमवूनही दाखवायची.

तरुणाने लॅपटॉप पिशवीत घातला. "बरं झालं, तुम्ही खरं सांगितलंत."

तो वळला, तशी तिने हाक मारली. "थांब जरा." उजवा हात तिने काउंटरवर ठेवला. बोटं थरथरत होती. "अर्धंच सांगितलं मी. मागच्या वर्षी आला असतास, तर ठेवून घेतला असता."

वाकून त्याने पायाशी पडलेला स्क्रू उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिथेही तो हलत होता. रेवतीने हळूच मूठ मिटली.