थेल्माबाईंच्या दारातलं गटार

थेल्मा रडकिनच्या फाटकापुढचं गटार सप्टेंबरात तुंबलं, आणि तेव्हापासून तिच्या नवऱ्याची चाकाची खुर्ची घराबाहेर पडली नव्हती. रोज दुपारी पबमध्ये जाऊन डॉमिनो खेळणारा सिरिल आता खिडकीतून डबकं बघत बसायचा. ख्रिसमस उलटला तरी तसाच.

गावच्या पॅरिश कौन्सिलने सांगितलं, "गटार डिस्ट्रिक्टचं." डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणाली, "आम्ही कचरा उचलतो. रस्त्याकडेचं पाणी काउंटीचं." सगळ्यांत वरच्या काउंटी कौन्सिलने कळवलं, "रस्ता आमचा, पण चर गावाचा. पॅरिशला विचारा."

"मला काय फुटबॉल समजलेत का हे मेले!" थेल्मा कडाडली.

"ओरडून पाणी आटणार आहे का?" सिरिल पुटपुटला.

त्याच दिवशी तिने तिन्ही कचेऱ्यांना एकच चिठ्ठी धाडली. 'आमच्या भागातून निवडून आलेल्या सभासदाने मंगळवारी चार वाजता चहाला यावं. काय ते एकमेकांच्या तोंडावर सांगा.' तिन्हीकडून होकार आला.

मंगळवारी तिने स्कोन भाजले, पाहुण्यांसाठी तीन कप मांडले. चारच्या ठोक्याला बेल वाजली. दारात पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले, ओल्या मोज्यांतले सभासद पास्कसाहेब एकटेच उभे होते.

"या. आणि बाकीचे दोघे कुठे राहिले?"

पास्कसाहेब घसा खाकरत म्हणाले,


"थेल्माबाई, तिन्हीकडे मीच निवडून आलोय."