पाइप धुण्यापुरती

धुरपता अंगणात आली तेव्हा भोजराज गुरुजी ओसरीवर पाइप घासत बसले होते, आणि समोरच्या बाजेवर सरपंच गोमाजी बसले होते.

गुरुजींनी तिला पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. तिच्या पदराखाली बाटली होती. पदर आखूड पडत होता.

ओसरीवर जुना पेपर पसरून त्यावर तंबाखू ओढायचे अकरा पाइप मांडलेले होते. मँगनीजच्या खाणीवरच्या साहेबाचं जुनं सामान अठ्ठ्याहत्तर साली लिलावात निघालं, त्यात ते पेटीभर मिळाले होते. गुरुजी स्वतः सुपारीसुद्धा खात नसत. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना हा नाद लागला होता. कोणाच्या तरी तोंडातले, जळके, वास मारणारे पाइप ते आणत. आतली काजळी बोथट चाकूनं खरवडत, दांडीतून कोंबडीचं पीस फिरवत, दातांच्या खुणा घासून काढत. लाकडाच्या रेषा पुन्हा दिसू लागल्या की दिवसभर खूश असत. नागपूरचा एक दुकानदार ते घेऊन जाई. तो उद्याच्या गाडीनं येणार होता.

आत मुरलेला वास मात्र मीठ आणि स्पिरिट भरून ठेवल्याशिवाय जात नाही. दवाखान्यातलं स्पिरिट संपलं होतं. म्हणून काल दुपारी गुरुजी धुरपताच्या दारी गेले होते. मोहाची, पहिल्या धारेची, पावभर. "प्याले नाही, पाइप धुवाले पायजे," असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. ती हसली नव्हती. "आज नाही जी. उद्या होईल," एवढंच म्हणाली होती.

गुरुजी गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. होळीनंतर पोरं गोळा करून त्यांनीच तिची दारू गाळायची मडकी फोडली होती. त्याबद्दल काल ती एक शब्द बोलली नाही. गुरुजीही बोलले नाहीत.

"तू काहून आली वं इकडे?" गोमाजींनी विचारलं.

धुरपता गुरुजींकडे पाहत राहिली. आता तेच सांगतील, असं तिला वाटत असावं.

"पदराखाली काय हाय?"

तिनं बाटली ओसरीच्या कडेला ठेवली. "नागपूरवाला येनार हाय म्हनले होते गुरुजी, म्हनून..."

गोमाजींनी बूच काढून हुंगलं. मग सावकाश वळून विचारलं, "गुरुजी, तुमी बलावलं काय हिले?"

एक वाक्य पुरलं असतं. पाइप समोरच होते. मिठाची वाटी होती. गोमाजी हसले असते, त्यांनी चार ठिकाणी सांगितलं असतं, गावानं महिनाभर 'पावभर गुरुजी' म्हटलं असतं. त्यापलीकडे काही झालं नसतं.

"मी कायले बलावू?" गुरुजी म्हणाले. आवाज वर्गातला लागला. "हिंमत पाहा हिची! मडके फोडले तरी घरोघरी घेऊन फिरून राहिली. माह्या दारापर्यंत!"

आतल्या दारात त्यांची बायको शकुनबाई येऊन उभी राहिली होती. तिला कालचं सगळं माहीत होतं.

गोमाजींनी बाटली अंगणातल्या दगडावर आपटली. मोहाचा वास ओसरीभर झाला. "पुन्हा दिसली तं पोलिसायले बलावीन," ते म्हणाले.

धुरपता खाली बसली आणि काचा वेचू लागली. एकेक तुकडा तिनं पदरात घेतला. "कोनाच्या पायात जाईल," असं कोणाकडेच न बघता म्हणाली, आणि निघून गेली.

"तुमच्यासारखे चार मानसं पायजे गावात," गोमाजी उठता उठता म्हणाले.

ते गेल्यावर गुरुजींनी पाइप हातात घेतला. चाकू काजळीतून घसरून लाकडात रुतला. त्यांनी पाइप खाली ठेवला.

"तिचा हात कापला जी," शकुनबाई म्हणाली. "मी पायलं."

ऊन उतरल्यावर गुरुजी धुरपताच्या घरी गेले. धुरपता अंगणात वाळत घातलेली मोहफुलं गोळा करत होती. बोटाला चिंधी गुंडाळलेली होती, आणि ती लाल झाली होती.

"धुरपता, चुकलं माहं." रस्ताभर त्यांनी बरंच काही मनात जुळवलं होतं. तोंडातून एवढंच आलं.

ती उठून झोपडीत गेली. गुरुजींना वाटलं, आता बाहेर येणार नाही. तरी ते उभे राहिले. ती आली तेव्हा तिच्या हातात दुसरी बाटली होती, लहान, चिंधीचं बूच लावलेली.

"घ्या. उद्या येनार हाय ना तो मानूस? धुवून ठेवा."

गुरुजींना नको म्हणता आलं नाही. त्यांनी बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळली.

"सरपंच चावडीवर बसून असन आता," धुरपता म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुमी तलावाच्या पाळीनं जा. तिकडून कोनी पायत नाही."

गुरुजी तलावाच्या पाळीनं गेले.