वजन नसलेली लिंक

लेकीने घडवलेल्या पहिल्या सतारीच्या वेबसाइटला सतारमेकर दस्तगीरभाईंनी आपल्या वेबसाइटवरून शिफारशीची लिंक दिली. शोधयंत्राने सांगितलं, "सरसकट वाटल्यामुळे तुमच्या लिंकचं वजन शून्य."

भिडेखातर त्यांनी आजवर अख्ख्या मिरजेला लिंका वाटल्या होत्या, अगदी व्याह्यांच्या फरशीच्या दुकानालासुद्धा. आणि वजनदार लिंक नसलेली वेबसाइट आता जगात कुणालाच दिसत नसे.

नाइलाजाने ते लेकीला, नफिसाला, सतारीसह घेऊन वामनरावांकडे गेले. या खडूस सतारियाने आयुष्यात दोनच लिंका दिल्या होत्या. वामनरावांनी तारा छेडल्या, कान लावला आणि सतार परत केली.

"वरचा पंचम दबतोय, पोरी. दुरुस्त करून आण, मग बघू."

नफिसाने वळून विचारलं, "अब्बा, तुम्हाला नव्हतं जाणवलं?"

दस्तगीरभाईंना ते पहिल्याच दिवशी जाणवलं होतं.