पाचवी खुंटी

तळ्याकाठच्या समाजघरात दर उन्हाळ्यात कांतेले हे मांडीवर घ्यायचं पाच तारांचं वाद्य वाजवणारे जमत. कुणी वारलं, की त्याचं कांतेले तिथे आणून पाचही तारा सैल सोडायच्या, ही रीत. हेल्वीची लेक इल्ता तळ्यात बुडून तीन वर्षं झाली होती.

"सोड आता, पोरी," म्हातारा ओत्सो म्हणाला. "अडकवून ठेवू नकोस तिला."

"आधी तिचं मढं दाखवा, मग सोडते!"

"दरसाल हेच बोलतेस."

शेवटी हेल्वीने इल्ताचं कांतेले मांडीवर घेऊन रडत रडत खुंट्या उलट्या पिळल्या. तारा लोंबल्या. बाकीच्यांनी वाजवायला घेतलं, तोच त्यांच्या सुरांत एक तार किंचित चढी लागली. इल्ता तशीच लावायची.

हेल्वीने मांडीवर पाहिलं. खुंट्या आपोआप फिरत होत्या. एकेक करत चार तारा ताणल्या गेल्या. प्रत्येक खुंटीखालून पाणी तिच्या झग्यावर ठिबकत होतं.

पाचवी खुंटी अर्ध्यात अडली. ती घट्ट होती. इल्ताला कधीच जमायची नाही, आईच पिळून द्यायची.

"थांब गं, मी देते," हेल्वी कळवळून म्हणाली आणि तिने खुंटी धरली.

हाताला लागली ती गार, ओली बोटं. त्यांनी तिचा हात घट्ट पकडला आणि ओढायला सुरुवात केली.